‘सर्व्हर डाऊन’ असताना नेमके काय बंद पडलेले असते?

रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा पुसून पुसून ठेवला तरी पावती निघत नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात साक्षीदारांसह आलेली मंडळी दुपारपर्यंत बाकावर बसून राहतात, दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता संकेतस्थळ उघडता उघडत नाही, आणि या सर्व ठिकाणी एकच उत्तर मिळते : सर्व्हर डाऊन आहे. खिडकीपलीकडच्या माणसाचा यात दोष नसतो. त्याच्या पडद्यावर जेवढे दिसते, तेवढेच तो सांगतो. परंतु त्याचे यंत्र आणि ज्या संगणकावर नोंदी साठवलेल्या असतात तो संगणक यांच्यामध्ये अनेक उपकरणे आपापले काम करत असतात. त्यांपैकी कोणतेही एक अडले तरी खिडकीवर परिणाम अगदी सारखाच दिसतो.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. बिघाडाला सुरुवात झाली तेव्हा या तिन्ही सेवा चालवणाऱ्या फेसबुक कंपनीच्या डेटा सेंटरमधले, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींमधले, सर्व्हर चालू होते, आपले संदेश आणि छायाचित्रेही जागच्या जागी होती. तुटली होती ती त्यांच्यापर्यंत जाणारी वाट. ती कशी तुटली हे समजण्यासाठी आधी वाटेवरची उपकरणे ओळखून घ्यावी लागतील.

## सर्व्हर म्हणजे काय, आणि पॅकेट म्हणजे काय

मागणी आली की उत्तर देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. काटेकोर बोलायचे तर सर्व्हर हा एक प्रोग्रॅम असतो आणि तो ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्रालाही आपण तेच नाव देतो. कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर सर्वांच्या फाइली ठेवल्या आणि इतरांना त्या उघडू दिल्या, तर तो डेस्कटॉपही सर्व्हरच झाला. डेटा सेंटरमधली यंत्रे दिसायला वेगळी असतात : पडदा नसलेली, रॅकमध्ये एकावर एक बसवलेली, दोन-दोन वीजपुरवठे असलेली आणि कानठळ्या बसवणारे पंखे असलेली. काम मात्र तेच.

मागणी आणि उत्तर दोन्ही तुकड्यांतुकड्यांनी प्रवास करतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि साधारणतः एका पॅकेटमध्ये १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. तीन एमबीचे एक छायाचित्र पाठवले की त्याची दोन हजारांहून अधिक पॅकेटे होतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांत लिहिलेला पत्ता, असतो.

हा पत्ता कसा वाचला जातो, हे टपालाच्या उदाहरणाने चांगले कळते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिचे मर्म असे की आकडे डावीकडून वाचत गेले की ठिकाण नेमके होत जाते. पहिला आकडा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगडच्या दिशेने जायचे, हे कोलकात्यातल्या वर्गीकरण करणाऱ्याला समजते. कोल्हापुरातली गल्ली त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. आयपी पत्त्याचीही रचना अशीच आहे. त्याचा डावीकडचा भाग कोणत्या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, जायचे हे सांगतो आणि उजवीकडचा भाग त्या जाळ्यातले नेमके यंत्र दाखवतो.

## घरातल्या एका डब्यात चार उपकरणे

फायबर घेतलेल्या घरात भिंतीवर एक पांढरा डबा असतो आणि सगळे घर त्याला ‘वायफाय’ किंवा ‘राउटर’ म्हणते. प्रत्यक्षात त्या एका खोक्यात पूर्वी वेगवेगळी मिळणारी किमान चार उपकरणे कोंबलेली असतात.

पहिले उपकरण काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. त्याला ओएनटी म्हणतात. तांब्याच्या टेलिफोन तारेच्या काळात हेच काम मोडेम करत असे, त्यामुळे बोलण्यात अजूनही मोडेम हाच शब्द चालतो. डब्यावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ अशी नावे असलेले दोन दिवे असतात. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर एक्स्चेंजपासून आलेला प्रकाश पोहोचतो आहे. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येत नाही किंवा फारच क्षीण झाला आहे, म्हणजे तंतू तुटला, करकचून वाकला किंवा जोडणीतून सुटला आहे. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू केला तरी काही उपयोग होत नसतो. कपाट सरकवताना भिंतीलगतची पिवळी केबल दुमडली गेली आहे का, हे पाहणे जास्त शहाणपणाचे.

याला जोडून विजेचा प्रश्न येतो. एका तंतूतला प्रकाश अनेक घरांना वाटून देणारा स्प्लिटर विजेशिवाय चालतो, त्यामुळे तिथे भारनियमनाचा त्रास नसतो. परंतु अनेक ठिकाणी केबलवाल्याने इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली नेटवर्क स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारे उपकरण, त्याविषयी पुढे) बसवलेला असतो आणि त्याला कुणाच्या तरी मीटरवरून वीज घेतलेली असते. आपल्या डब्याला इन्व्हर्टर आहे, दिवे लागलेले आहेत आणि तरीही नेट नाही, या कोड्याचे उत्तर बहुधा त्या जिन्याखाली सापडते.

## राउटर : पत्ता वाचून वाट ठरवणारा

दुसरे उपकरण राउटर. दोन वेगवेगळ्या जाळ्यांच्या वेशीवर उभे राहून पॅकेट कोणत्या बाजूला पाठवायचे हे ठरवणे, एवढे त्याचे काम. घरचे जाळे एकीकडे आणि कंपनीचे जाळे दुसरीकडे, असे असल्यामुळे घरच्या राउटरला फारसा विचार करावा लागत नाही. कंपन्यांच्या मोठ्या राउटरांचे काम खरे अवघड असते : जगभरच्या जाळ्यांकडे जाणाऱ्या दहा लाखांच्या आसपास वाटांची यादी ते सांभाळतात आणि शेजारच्या जाळ्यांतले राउटर एकमेकांना ‘अमुक पत्ते माझ्याकडून मिळतील’ असे सतत कळवत राहतात. या कळवण्याच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात.

घरच्या राउटरकडे मात्र एक जास्तीचे काम असते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत आणि यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते दिले जातात आणि बाहेर जाताना राउटर त्यावर आपला एकच पत्ता घालतो. उत्तर आले की ते कोणाच्या फोनचे आणि कोणाच्या टीव्हीचे, हे तो आपल्या नोंदीवरून ठरवतो. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे आणि शेजाऱ्याकडेही तोच पत्ता आहे, तरी गोंधळ होत नाही, त्याचे कारण हे. आयपीची नवी सहावी आवृत्ती ही टंचाई मुळातून संपवते आणि भारतातल्या मोबाइल कंपन्यांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारलीही आहे, परंतु जुने पत्ते अजून बराच काळ सोबत राहतील.

## वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, मग नेट का नाही?

हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो. फोनवर दिसणाऱ्या वायफायच्या रेघा फक्त फोन आणि डब्यातले तिसरे उपकरण, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, यांच्यामधल्या रेडिओलहरी किती जोरकस आहेत एवढेच दाखवतात. डब्याच्या पलीकडे तंतू तुटला असेल तर रेघांना त्याचा पत्ताही नसतो.

उलट प्रकारही घडतो. तंतू ठीक असतो, वेग विकत घेतलेला असतो आणि तरी शेजारच्या खोलीत व्हिडिओ अडखळतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे जेमतेम तीन चॅनेल धरता येतात : १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईच्या एका इमारतीत तीस डबे असले तर त्या तीन चॅनेलांवर तीस घरे बोलत असतात आणि एकाचे बोलणे संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ असते, पण त्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. जाड भिंतींच्या घरात केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे हाच खात्रीचा उपाय आहे. अधिक वेगाचा प्लॅन घेऊन भिंत पातळ होत नसते.

## स्विच, निळी केबल आणि कार्यालयातले गोंधळ

चौथे उपकरण स्विच. डब्यामागची केबल लावायची चार भोके म्हणजे छोटा स्विचच, आणि कार्यालयात हाच स्विच चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकांचा असतो. राउटर जाळ्याजाळ्यांत वाट दाखवतो, तर स्विच एकाच जाळ्यातली यंत्रे एकमेकांना जोडतो. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणत्या भोकामागे कोणता मॅक पत्ता आहे हे स्विच येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांवरून शिकत जातो आणि ज्याचे त्यालाच पोहोचवतो. त्याच्या आधी वापरात असलेला हब हे काहीच शिकत नसे. एका भोकातून आलेले तो सगळ्या भोकांत ओतून मोकळा होई. त्यामुळे यंत्रे वाढली की जाळे तुंबायचे आणि एकाचा संदेश दुसऱ्याला वाचता यायचा. हब आता इतिहासजमा झाला आहे.

या स्विचला लागणाऱ्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. टोकाला आरजे-४५ जोडणी बसवताना त्या ठरलेल्या क्रमाने लावतात : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रिम्पिंग करताना, म्हणजे जोडणी दाबून घट्ट बसवताना, निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही तर केबल पूर्ण बंद पडत नाही. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, तर एक गिगाबिटला चारही लागतात. म्हणून स्विच मुकाट्याने शंभरावर उतरतो आणि ‘प्लॅन तीनशेचा आहे, पण शंभराच्या पुढे जातच नाही’ अशी तक्रार कंपनीकडे जाते, जिथे तिचे उत्तर नसते. शिवाय ही केबल शंभर मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. तालुक्याच्या कार्यालयात आवारातल्या दुसऱ्या इमारतीपर्यंत ती ओढून ठेवली की नेट ‘कधी चालते, कधी चालत नाही’ असे होते.

आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे टेबलाखाली लोंबणाऱ्या केबलचे मोकळे टोक कुणीतरी सद्हेतूने जवळच्या रिकाम्या भोकात लावतो आणि त्या केबलचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असते. सर्वांसाठी सोडलेला संदेश मग त्या वेटोळ्यात फिरत, वाढत राहतो आणि काही क्षणांत सगळे कार्यालय ठप्प होते. महागड्या स्विचमध्ये हे ओळखून ते भोक बंद करण्याची सोय असते, स्वस्तातल्यात बहुधा नसते. खिडकीवर मात्र तेच ऐकू येते : सर्व्हर डाऊन आहे.

## पत्ता देणारा सर्व्हर आणि पत्ता सांगणारा सर्व्हर

आतापर्यंत पोहोचवणारी उपकरणे पाहिली. आता सर्व्हरांकडे वळताना दोन असे घेऊ, ज्यांची नावे सहसा ऐकू येत नाहीत.

नवा फोन वायफायला जोडला की त्याला आयपी पत्ता कोण देते? डीएचसीपी सर्व्हर. घरी तो त्याच डब्यात असतो. तो ठराविक मुदतीसाठी पत्ता देतो आणि बाहेर जायची वाट कोणती तेही सांगतो. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर डीएचसीपीकडून उत्तर न आल्यामुळे संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे असे समजावे. कार्यालयात कुणी घरचा जुना राउटर आणून जोडला की एका जाळ्यात दोन डीएचसीपी सर्व्हर होतात, निम्म्या संगणकांना चुकीची वाट मिळते आणि बिघाड शोधणारा दिवसभर गोंधळात पडतो.

दुसरा डीएनएस सर्व्हर. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, पॅकेटला आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगण्याचे काम डीएनएसचे. फेसबुकचे २०२१ मध्ये जे झाले ते इथे उलगडते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची डेटा सेंटर एकमेकांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. ज्या तपासणी-प्रोग्रॅमने ती आज्ञा अडवायला हवी होती, त्यातच दोष होता. कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांना अशी शिस्त घालून दिलेली होती की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपण निरोगी नाही असे धरून बीजीपीवरची आपली घोषणा मागे घ्यायची. त्यांनी ती इमानेइतबारे मागे घेतली. त्याबरोबर जगभरच्या राउटरांच्या यादीतून त्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारी वाट नाहीशी झाली आणि ‘व्हॉट्सॲपचा पत्ता काय’ या प्रश्नाला उत्तर देणारे कुणी उरले नाही. दुरुस्तीला लागणारी कंपनीची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले, आणि वेळ वाढला.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियामधील क्लाउड केंद्रात, म्हणजे इतर कंपन्यांना भाड्याने सर्व्हर पुरवणाऱ्या केंद्रात, असेच काहीसे घडले. तिथल्या एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद आपोआप अद्ययावत करणाऱ्या यंत्रणेत दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि नोंद रिकामी झाली. त्या सेवेवर टेकलेली असंख्य ॲप अडली. पत्ता सांगणारा गप्प बसला की मोठमोठ्या कंपन्याही ठप्प होतात.

## मागच्या बाजूचे तीन थर

डीएनएसने पत्ता सांगितला, राउटरांनी पॅकेट पोहोचवले, तरी काम संपत नाही. मोठ्या सेवेच्या दारात आधी फायरवॉल असते, जी नको असलेली पॅकेटे नियमाप्रमाणे अडवते. त्यामागे लोड बॅलन्सर असतो, जो येणाऱ्या मागण्या अनेक सर्व्हरांत वाटतो. त्यानंतर तीन थर येतात. वेब सर्व्हर पान दाखवतो. ॲप्लिकेशन सर्व्हर नियम लावतो, उदाहरणार्थ या शिधापत्रिकेवर या महिन्यात किती धान्य देय आहे. आणि डेटाबेस सर्व्हर नोंद सांभाळतो.

ई-पॉस यंत्राचा अंगठा यातून दोनदा जातो. यंत्रातल्या सिमवरून टॉवर, तिथून मोबाइल कंपनीचे जाळे, तिथून रेशन व्यवस्थेचा सर्व्हर आणि ओळख पटवण्यासाठी आधारचा सर्व्हर, असा हा प्रवास आहे. म्हणजे किमान दोन वेगळ्या संस्थांच्या यंत्रणांनी वेळेत उत्तर द्यावे लागते. डोंगराळ भागातल्या दुकानात टॉवरची रेंज हीच पहिली अडचण असते, आणि तिथे दोष सर्व्हरच्या माथी मारणे सरळसरळ अन्यायाचे आहे.

## मग मोठा सर्व्हर का घेत नाहीत?

निकालाच्या दिवशी हा प्रश्न रास्त वाटतो. पण निकाल पाहणे आणि तत्काळ तिकीट काढणे यांत मूलभूत फरक आहे. निकाल फक्त वाचायचा असतो, तो दर सेकंदाला बदलत नाही. त्यामुळे त्याच्या हव्या तितक्या प्रती अनेक सर्व्हरांवर आधीच ठेवता येतात, आणि दहावी-बारावीचे निकाल अनेक संकेतस्थळांवर व डिजिलॉकरवर एकाच वेळी उपलब्ध होऊ लागले ते म्हणूनच. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला पंधरा लाखांहून अधिक मुले व त्यांचे पालक येणार हे आधीपासून माहीत असताना निकालाचे संकेतस्थळ कोसळणे, हे माझ्या मते नियोजनाचे अपयश आहे.

तत्काळचे तसे नाही. सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला इतर वर्गांची खिडकी उघडते, त्या क्षणी लाखो लोक त्याच मोजक्या जागांवर तुटून पडतात. पाने दाखवणारे सर्व्हर वाढवता येतात, पण रेल्वेच्या डब्यातली ३२ नंबरची जागा एकालाच मिळाली पाहिजे. म्हणून डेटाबेसला ती नोंद क्षणभर कुलूप लावून बाकीच्यांना थांबवावे लागते. ही रांग कितीही पैसे ओतले तरी पूर्णपणे संपत नाही, कारण ती संपवली तर एकच जागा दोघांना विकली जाईल.

## पडद्यावरच्या संदेशावरून काय ओळखता येते

पडदा बऱ्याचदा खिडकीपेक्षा जास्त सांगतो. संकेतस्थळाचा पत्ताच सापडत नाही असा संदेश आला तर संशय डीएनएसवर किंवा आपल्याच जोडणीवर. बराच वेळ वाट पाहून उत्तर आले नाही असा संदेश आला तर मधली वाट, फायरवॉल किंवा पलीकडचे यंत्र. ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा दिसला तर आपले नेट, राउटर, डीएनएस सगळे ठीक आहे असे समजावे. कारण हा आकडा पलीकडच्या दारातल्या सर्व्हरनेच पाठवलेला असतो, आणि बहुधा मागच्या थराकडून उत्तर मिळत नाही एवढेच तो कळवत असतो. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी असंख्य संकेतस्थळांवर असेच पाचशेच्या घरातले आकडे दिसले. त्या संकेतस्थळांचे स्वतःचे सर्व्हर शाबूत होते. त्यांच्या पुढे उभे राहून मागण्या तपासणाऱ्या क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ कंपनीच्या प्रणालीत एक फाइल अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठी झाली होती.

## ‘९९.५ टक्के वेळ सुरू’ या आकड्यात काय दडलेले असते

सेवा पुरवणाऱ्यांच्या करारांत सर्व्हर वर्षातून किती टक्के वेळ सुरू राहील हे लिहिलेले असते. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तासांच्या आसपास बंद राहण्याची मुभा. ९९.५ टक्के म्हणजे जवळजवळ ४४ तास. कागदावर आकडा उत्तम दिसतो, पण तो रात्रीचे तीन आणि सकाळचे अकरा एकाच मापाने मोजतो. दस्तनोंदणीचे कार्यालय दिवसाला सात-आठ तास चालते. ते ४४ तास नेमके कामाच्या वेळेतच आले, तर लोकांचे सहा दिवस वाया जातात आणि करार तरीही पाळलेलाच असतो.

दुसरे असे की ही मोजणी बऱ्याचदा डेटा सेंटरच्या दारापाशी होते. गावातल्या दुकानाचे सिम, तालुक्याच्या कार्यालयातला स्विच, जिन्याखालचा बंद पडलेला डबा या मोजणीत येतच नाही. ज्याला धान्य मिळाले नाही त्याच्या दृष्टीने सेवा बंद होती, अहवालात मात्र ती सुरू होती. मोजणी खिडकीवर झाली पाहिजे : यंत्रावर किती अंगठे लागले, त्यांपैकी कितींना किती सेकंदांत उत्तर मिळाले आणि बाकीचे कोणत्या टप्प्यावर अडकले. यासाठी नवे उपकरण विकत घ्यावे लागत नाही. वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक राउटर आणि सर्व्हर आपापली नोंदवही लिहीत असतोच. त्या नोंदवह्या एकत्र करून दर महिन्याला कार्यालयाच्या फलकावर लावायला सांगणे, हे ग्रामसभेच्या किंवा ग्राहक पंचायतीच्या एका ठरावाचे काम आहे.